मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि बर्फ: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जर्मनीच्या दक्षिण भागात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांची पहिली गाडी बरेचदा वापरलेली बीएमडब्ल्यू थ्री सीरिज किंवा मर्सिडीज सी-क्लास असते, आणि अलीकडे तिच्या जागी टेस्ला मॉडेल ३ किंवा फोक्सवॅगन आयडी.३ दिसू लागली आहे. या गाड्यांच्या बहुतेक साध्या आवृत्त्यांमध्ये इंजिनाची किंवा मोटरची ताकद मागच्या चाकांना मिळते. ऑक्टोबर उजाडला की या नव्या मालकांपर्यंत एक संदेश हटकून पोहोचतो. त्याचा आशय असा: मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात निरुपयोगी असते, घेतलीच असेल तर हिवाळी टायर फक्त मागे बसवा, कारण ताकद तिथेच जाते, डिकीत शंभर किलो वाळू टाका, टायरमधली हवा कमी करा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू लागले की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद ठेवा, निघण्यापूर्वी इंजिन पंधरा मिनिटे तापवा, आणि हे जमणार नसेल तर गाडी विकून फोर-व्हील ड्राइव्ह घ्या. यातले दोन सल्ले निव्वळ निरुपयोगी आहेत, तीन धोकादायक आहेत, आणि ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच बर्फावर गाडी घालायची आहे त्याच्या हाती ते पडतात, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

प्रथम मूळ दावा घेऊ. गाडी बर्फावर तीन कामे करते: निघते, वळते आणि थांबते. ताकद कोणत्या चाकांना जाते याचा संबंध मुख्यतः पहिल्या कामाशी आहे. वळवण्याचे काम प्रत्येक गाडीत पुढची चाके करतात आणि ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतात. निघण्यापुरता विचार केला तरी फरक समजतो तेवढा मोठा नाही, हे साध्या गणिताने दाखवता येते. दाबल्या गेलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरचा घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.२५ धरू आणि उन्हाळी टायरचा ०.१२ धरू. मागच्या चाकांच्या गाडीचे निम्मे वजन मागे असते असे मानले आणि पुढच्या चाकांच्या गाडीचे साठ टक्के वजन पुढे असते असे मानले, शिवाय चढावर थोडे वजन मागे सरकते हेही हिशेबात घेतले, तर हिवाळी टायरवर पहिली गाडी सुमारे १३ टक्के चढ (दर १०० मीटरला १३ मीटर उंची) चढू शकते आणि दुसरी सुमारे १४ टक्के. उन्हाळी टायरवर हेच आकडे ६ आणि ७ टक्क्यांवर येतात. म्हणजे चाकांची निवड बदलून एका टक्क्याचा फरक पडतो आणि टायर बदलून दुपटीचा. प्रत्यक्ष रस्त्यावर गुणांक बर्फागणिक बदलतो, पण या दोन फरकांमधले प्रमाण उलटत नाही.

इतिहासही या दाव्याच्या बाजूने नाही. व्होल्व्होची २४० ही गाडी १९७४ ते १९९३ या काळात तयार झाली, ती मागच्या चाकांवर चालत असे आणि स्वीडनच्या हिवाळ्यात ती घराघरांत वापरली गेली. पुढे कंपनी पुढच्या चाकांकडे वळली खरी, परंतु २०२३ मध्ये व्होल्व्होने एक्ससी४० रिचार्ज आणि तिची भगिनी कंपनी पोलस्टारने पोलस्टार २ या विजेच्या गाड्यांच्या एका मोटरच्या आवृत्तीत मोटर पुढून काढून मागे बसवली. दोन्ही कंपन्यांचे मुख्यालय स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आहे आणि बर्फ त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. महाराष्ट्रात ज्यांनी बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टा चालवली आहे, त्यांनाही मागून ढकलणारी गाडी नवी नाही. नवा आहे तो फक्त रस्ता.

आता टायरकडे वळतो, कारण संदेशातला सर्वांत घातक सल्ला इथे आहे. हिवाळी टायर फक्त मागे बसवले तर गाडी निघेल छान, आणि हीच अडचण आहे. निघताना मिळालेल्या पकडीवरून चालकाला रस्ता आहे त्याहून चांगला वाटतो, तो वेग घेतो, आणि पहिल्या वळणावर पुढचे उन्हाळी टायर साथ सोडतात. स्टिअरिंग फिरवलेले असते, पण गाडी सरळच जात राहते. ब्रेक लावला की वजन पुढे झुकते, म्हणजे थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा ज्या टायरवर पडतो तेच कमजोर असतात. आधीच्याच गुणांकांनी हिशेब केला तर ताशी ५० किलोमीटर वेगातून चारही हिवाळी टायरवर गाडी सुमारे ३९ मीटरमध्ये थांबते आणि चारही उन्हाळी टायरवर सुमारे ८२ मीटर लागतात. ज्या जागी पहिली गाडी उभी राहिली, तिथून दुसरी अजून ताशी ३६ किलोमीटरने पुढे जात असते. झेब्रा क्रॉसिंगवर एखादे मूल उभे असेल तर या ३६ चा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणून टायर चारही हिवाळी हवेत, एकाच बनावटीचे आणि साधारण सारख्याच झिजेचे हवेत. झिजेत थोडा फरक असेलच तर अधिक नक्षी शिल्लक असलेली जोडी मागे घालावी, कारण पुढची चाके घसरली तर गाडी रुंद वळण घेते, पण मागची घसरली तर ती गरकन फिरते.

हिवाळी टायरचे महत्त्व केवळ बर्फापुरते नाही. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ही गोष्ट जाणवू लागते. हिवाळी टायरचे रबर त्या तापमानातही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या शेकडो बारीक चिरा बर्फाला धरतात. म्हणूनच इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर हा टायरचा मोसम मानतात. कायदा मात्र तारखेवर चालत नाही. २०१० पासूनच्या नियमानुसार रस्त्यावर बर्फ, गोठलेले पाणी किंवा चिखलबर्फ असेल तेव्हा योग्य टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण, रहदारी अडवली तर ८० युरो. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. ‘आठ टायरसह’ अशी जाहिरात असते, विकणारा हिवाळी जोड म्हणून चार टायर गॅरेजमधून काढून देतो आणि त्यांवर केवळ ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती अक्षरे पुरेशी नाहीत; तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह टायरवर असावेच लागते. बाजूला कोरलेले चार आकडेही वाचावेत: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. जर्मनीत नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी हिवाळी टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला की त्याचा बर्फातला उपयोग झपाट्याने कमी होतो. शेजारच्या ऑस्ट्रियात तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थितीत ४ मिलिमीटर ही कायद्याचीच मर्यादा आहे, म्हणून साल्झबुर्ग किंवा इन्सब्रुककडे जाणाऱ्यांनी मापून मगच निघावे.

मागच्या चाकांच्या गाड्यांची आणखी एक खोड आहे. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असतात. हिवाळ्यासाठी चारही चाकांना सारखा, थोडा अरुंद टायर घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते, कारण अरुंद टायर बर्फावर तरंगत नाही, तो कापत खाली जातो. शिवाय स्वस्तही पडतो. मात्र गाडीला कोणती मापे मान्य आहेत हे तिच्या कागदपत्रांत पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. नव्या चाकांत हवेच्या दाबाचे सेन्सर आहेत की नाहीत, हेही विचारून घ्यावे. चाके बदलल्यानंतर साधारण ५० किलोमीटरवर बोल्ट पुन्हा योग्य जोराने आवळून घ्यावेत.

वाळूच्या पोत्यांचा सल्ला पूर्ण खोटा नाही, म्हणून तो टिकून आहे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन फारच कमी असते आणि तिथे पोती खरोखर कामाला येतात. पण १५०० किलोच्या सेडानचे निम्मे वजन आधीच मागे असते. तिच्या डिकीत, मागच्या ॲक्सलच्या सुमारे ९० सेंटिमीटर मागे, १०० किलो ठेवले तर तरफेच्या नियमाने मागे सुमारे १३२ किलो भर पडते आणि पुढून ३२ किलो उचलले जातात. चढ चढण्याची क्षमता तेराऐवजी साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जाते. त्याबदल्यात स्टिअरिंगची पकड घटते आणि मागचा भाग एकदा घसरला की ते जास्तीचे वजन त्याला आणखी बाहेर ओढते. न बांधलेले पोते अपघातात काय करेल, याचा विचार मागच्या सीटवर मुले बसवणाऱ्या प्रत्येकाने करावा. डिकीत एक छोटी पिशवी वाळू आणि एक फावडे जरूर असावे, परंतु ते अडकलेल्या चाकाखाली टाकण्यासाठी. वजनच हवे असेल तर इंधनाची टाकी भरलेली ठेवावी. ती बहुतेक गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या जवळ किंवा किंचित पुढे असते.

हवा कमी करण्याचा सल्ला बहुधा वाळवंटातून आला असावा. मोकळ्या वाळूत हळू जाताना टायर पसरवणे उपयोगी ठरते. बर्फाळ डांबरावर नाही. दाब उतरला की टायरचा मधला भाग सैल पडतो, बारीक चिरा मिटतात आणि वळणावर टायरची बाजू दुमडते. त्यातच थंडीने दाब आपोआप कमी होतो: दर १० अंशांमागे सुमारे ०.१ बार (बार हे दाबाचे एकक). वीस अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे दहा अंशांत ०.३ बारने कमी दाखवते. म्हणून हवा थंड टायरमध्ये, बाहेरच्या तापमानात तपासावी आणि गाडीने सांगितलेला दाब राखावा.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि त्याच्याशी जोडलेली स्थिरता प्रणाली बंद ठेवायला सांगणे मला सर्वांत जास्त खटकते. मागचे चाक घसरून गाडी फिरू लागली, की ही प्रणाली बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला क्षणात ब्रेक लावते आणि ताकद कमी करते. एका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावण्याचे साधन कोणत्याही चालकाच्या पायाखाली नसते. मागच्या चाकांच्या गाडीची जी जुनी भीती आहे, तिचा मोठा भाग या प्रणालीने दूर केला आणि नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. एकच अपवाद आहे: खोल बर्फात गाडी रुतली आणि प्रणाली चाके फिरूच देत नसेल, तर ती तेवढ्यापुरती बंद करून, हळूच पुढे-मागे झुलवून गाडी काढावी आणि बाहेर येताच पुन्हा चालू करावी.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, ते मात्र मागच्या चाकांच्या गाडीत खरोखर जपायला हवे: ॲक्सिलरेटरच्या पेडलवरून पाय उचलणे. मागच्या मोटरच्या विजेच्या गाडीत पाय उचलताच मोटर वीज परत बॅटरीत घेऊ लागते आणि त्याचा रोध फक्त मागच्या चाकांवर पडतो. गुळगुळीत उतारावर किंवा वळणात हा रोध मागची पकड मोडायला पुरेसा असतो. प्रणाली सावरते, पण घसरण सुरू झाल्यावर. ज्या गाडीत हा रोध कमी करण्याची सोय आहे तिच्यात तो हिवाळ्यात कमी ठेवावा आणि पाय हळूहळू उचलावा. दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी: बॅटरी थंड असताना गाडी हा रोध स्वतःच कमी करते, त्यामुळे घरातून निघाल्यावर पहिल्या चौकात सवयीप्रमाणे गाडी मंदावत नाही आणि ब्रेक वापरावाच लागतो. हाताने गिअर टाकायच्या जुन्या गाडीत हीच गोष्ट खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडल्याने घडते.

इंजिन पंधरा मिनिटे तापवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवायला जर्मन वाहतूक नियमांत मनाई आहे, आणि उभ्याने ते तापतेही सावकाश. काचा सर्व बाजूंनी खरवडून स्वच्छ कराव्यात, छतावरचा बर्फ झाडावा आणि निघून पहिली काही मिनिटे सौम्यपणे चालवावे. विजेची गाडी चार्जरला लावलेली असतानाच गरम करून घ्यावी. काच धुण्याच्या टाकीत उन्हाळ्याचे पाणी उरले असेल तर ते संपवून उणे २० अंशांपर्यंत न गोठणारे द्रव भरावे, नाहीतर पंपच फुटतो.

गाडी विकून फोर-व्हील ड्राइव्ह घेण्याचा सल्ला उरतो. चारही चाकांना ताकद मिळाली तर आपल्या गणितातला चढ १३ वरून २५ टक्क्यांपर्यंत जातो, हे मान्यच केले पाहिजे. ज्यांचे घर आल्प्सच्या उभ्या गल्लीत आहे त्यांनी ती गाडी खुशाल घ्यावी. परंतु तिचे थांबण्याचे अंतर त्याच टायरवर तेवढेच राहते. मागच्या चाकांच्या गाडीची खरी मर्यादा एकच: बर्फाच्या तीव्र चढावर थांबून पुन्हा निघणे. तिच्यासाठी बर्फाच्या साखळ्या आहेत, त्या मागच्या दोन चाकांना लावायच्या असतात, आणि पुढच्या चाकांच्या गाडीचा व्हिडिओ पाहून शिकणारे नेमके इथेच चुकतात. निळ्या गोल पाटीवर साखळी लावलेले चाक दिसले की त्या सक्तीच्या असतात आणि त्या लावून वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. कोणत्या मापाच्या टायरवर साखळी बसते हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. हिवाळी टायरचे माप ठरवतानाच ते पान पाहावे, कारण रुंद टायरच्या आत साखळीला जागा उरत नाही. आणि डोंगराकडे निघण्याआधी, दिवसाउजेडी, घरासमोर एकदा त्या स्वतः लावून काढून पाहाव्यात.