विषय गाव बघून ठरवा

नववीपासून प्रत्येकाला एक व्यवसाय विषय हवाच, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण तो विषय ठरवणार कोण? आमच्या सांगली जिल्ह्यात हळद आहे, तासगावचा बेदाणा आहे, मिरजेच्या सतारीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत, स्थानिक कारागिरांकडे शिकायला. ते दिवस मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घालवू द्या ना! सतारीसाठी भोपळा कसा निवडतात, जवारी कशी काढतात, म्हणजे तार घुमावी म्हणून तिच्याखालची घोडी कशी घासतात, पोरांना जवळून बघू द्या, हात लावू द्या. आणि कळकळीची विनंती, हे विषय फक्त कमी मार्कांच्या मुलांच्या गळ्यात मारू नका. शिकवणारा कारागीरही तासिकेवर ताटकळत नको, त्याला नीट पगार द्या.