‘आधी व्याकरण पक्कं करा, मग बोला’ या मेसेजला उत्तर

सांगली जिल्ह्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. इंग्रजीच्या तासाला मुलांना वेळापत्रकं नि लेबलं वाचायला लावणं हे शहरी चोचले आहेत, आधी व्याकरण पक्कं करा, साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही, मुलं एकमेकांचं चुकीचं इंग्रजी उचलतात, आणि परीक्षेत शेवटी व्याकरणच येतं, असं त्यात म्हटलंय. मी तासगाव तालुक्यात सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते. यातला एक मुद्दा सोडला तर बाकीचे मला मान्य नाहीत.

आधी व्याकरण? राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सातवीत येईपर्यंत मुलांनी काळ घोकलेले असतात, तरी साधा प्रश्न विचारायचा तर तोंड उघडत नाही. यंदा मी द्राक्षबागेतल्या औषधाच्या लेबलाचा फोटो वर्गात दाखवला. ‘डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड.’ ‘अगेन्स्ट’पाशी सगळे अडले. मग मागून एकजण म्हणाला, “बाई, इंडिया अगेन्स्ट पाकिस्तान!” पहिल्या बाकावरची मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे वारं तोंडावर असताना औषध मारायचं नाही.” त्यानंतर तिने वडिलांसाठी चार सूचना स्वतः लिहिल्या, चारही ‘डू नॉट’ने सुरू होणाऱ्या. नकारार्थी आज्ञार्थ मी त्या दिवशी फळ्यावर शिकवलाच नव्हता. लेबलावरच्या त्रिकोणाचा लाल रंग सर्वांत विषारी आणि हिरवा सर्वांत कमी, हे मात्र मुलांनी मला सांगितलं.

शहरी चोचले म्हणणाऱ्यांनी इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प पाहावा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं यांवरच इंग्रजी शिकवलं. साठ मुलांचं उत्तरही तिथंच मिळतं. शिक्षक आधी एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने सोडवतो, मग तसंच दुसरं प्रत्येक मूल एकट्याने सोडवतं. मी मिरज जंक्शनच्या गाड्यांचं कोष्टक फळ्यावर काढते. ‘अकराच्या आत पुण्याला पोचायचंय, कुठली गाडी?’ त्याला गट लागत नाहीत, फळा आणि वही पुरते.

परीक्षेचं म्हणाल, तर दहावीच्या पेपरचं नावच आता कृतिपत्रिका आहे. ८० पैकी भाषाअभ्यासाचा, म्हणजे व्याकरण नि शब्दांचा, प्रश्न १० गुणांचा. बाकी उतारे, कविता, लेखन. तक्त्यातली माहिती परिच्छेदात मांडणंसुद्धा.

आता मला पटलेला मुद्दा. मुलं एकमेकांचं चुकीचं इंग्रजी उचलतात, असं मेसेजमध्ये आहे. ते खरं आहे, प्रभूंनाही ही भीती होती, म्हणूनच ते गटकामापासून लांब राहिले. कुणी ‘धिस ट्रेन लेट’ म्हणालं की मी रागावत नाही. ‘येस, धिस ट्रेन इज टू लेट,’ असं म्हणत तेच वाक्य फळ्यावर लिहिते आणि पुढच्या गाडीकडे वळते. दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्यांत ‘इज’ आलेलं असतं. उरलेल्यांसाठी आणखी एक वेळापत्रक घ्यावं लागतं, कधी दोन.