डबा उघडा हो आधी!

आज एक रिव्ह्यू बघितला आणि डोकंच फिरलं. लेगोचा मोठा सेट. माणूस बॉक्स उलटासुलटा करून दाखवतोय. तुकडे किती, किंमत किती, एका तुकड्याला किती पडले, सेट रिटायर झाल्यावर, म्हणजे कंपनीने तो बनवणं बंद केल्यावर, भाव कुठवर जाईल. शेवटी 'घ्याच' म्हणून मोकळा. सील तोडलंच नाही! एक ठोकळा हातात घेतला नाही, आणि खाली लोक धन्यवाद देतायत.

ते 'एका तुकड्याला किती' एकदाचं बंद करा. २०२१ मध्ये जगाच्या नकाशाचा सेट आला, ११,६९५ तुकड्यांचा. त्याच वर्षी टायटॅनिक आलं, ९,०९० तुकड्यांचं. आकडा बघाल तर नकाशा सरस. पण त्यातले बहुतेक तुकडे नखाएवढे गोल, एकेक करून दाबत बसायचे. टायटॅनिक १३५ सेंटिमीटर लांब, तीन भागांत वेगळं होतं आणि आतला जिना, बॉयलर सगळं दिसतं. नकाशा आवडणाऱ्यांना आवडो, शांत बसून करायला तो छानच असेल. पण तुकडे मोजून या दोघांची तुलना करायची?

दादाचे लहानपणीचे ठोकळे आईने जपून ठेवले होते. भाच्याला दिले. त्याने स्वतःच्या नव्या अग्निशमन गाडीचा सेट मोडला, त्यात दादाचे जुने लाल ठोकळे मिसळले आणि क्रेन केली. पहिला जुना ठोकळा नव्यावर टच्चकन बसला तेव्हा ओरडला, "आत्या, बाबांचे पण बसतात!"

बसणारच. खालून नळ्या असलेल्या ठोकळ्याचं पेटंट डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं, आणि तेव्हाची मापं आजही तीच आहेत. दोन स्टडमधलं, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांमधलं, अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, आणि तीन चपट्या प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर एक ठोकळा. इतकी वर्षं एवढी काटेकोर मापं सांभाळली ती कशासाठी? बॉक्स कपाटात उभा करण्यासाठी?

रिव्ह्यूत मला हे हवंय. पकड कशी आहे. स्टिकर किती आणि छापील तुकडे किती, कारण स्टिकर वाकडं लागलं की जन्मभर वाकडं. एकाच रंगाच्या तुकड्यांत छटेचा फरक दिसतो का. आणि मुख्य म्हणजे सेट मोडल्यावर हातात काय उरतं? बिजागऱ्या, कमानी, उतरती छपरं उरतात, की एकाच सेटपुरते अगडबंब तुकडे? क्रेन झाली ती त्या गाडीच्या शिडीत बिजागऱ्या होत्या म्हणून. बॉक्सवरच्या आकड्यावरून हे कोणाला कळलं असतं?

जुन्यानव्याची मिसळ केली की आणखी एक गंमत दिसते. २००४ च्या सुमारास करडा रंग बदलला, किंचित निळसर झाला. क्रेनच्या खांबात दोन्ही करडे शेजारी आले. पोराने लगेच ओळखलं, वर पट्टे करून टाकले. किती गोड दिसते ती क्रेन! वेगळी काढायची माझी छाती नाही.

बरं, तुकडे लावून ठेवण्याबद्दल. रंगानुसार भरलेले खण फोटोत सुंदर दिसतात, मान्य. पण काळ्या तुकड्यांच्या ढिगात तुकडे जोडायची एक काळी पिन शोधून बघा. मिसळलेल्या ढिगात रंग डोळ्यांना आपोआप सापडतो, आकार सापडत नाही. म्हणून आधी आकारानुसार लावा, रंग नंतर. भाच्याचा बिजागऱ्यांचा वेगळा डबा आहे. त्याला कोणी शिकवलं नाही, क्रेन करताना शोधून शोधून वैतागला आणि स्वतःच केला. आणि पांढरे ठोकळे खिडकीत उन्हात ठेवू नका हो, पिवळे पडतात.

बंद बॉक्स ठेवणाऱ्यांचे पैसे त्यांचे, त्यांनी ठरवावं. त्यांच्यामुळेच कधीकधी जुना सेट कोरा मिळतो, हेही खरं. ठेवा. पण मग रिव्ह्यू लिहू नका! गुंतवणूक म्हणा, साठा म्हणा, काहीही म्हणा. तुमचं ऐकून एखादी आई पोराला सांगते, "उघडू नको, भाव जाईल." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि त्या पोराचा चेहराही बघितलाय. आपल्या दादाने असं केलं असतं तर भाच्याच्या हाती काय लागलं असतं? एक कोरा बॉक्स.

तुमच्यापैकी किंवा ओळखीत कोणी सेट बांधून, मोडून, त्यातून दुसरं काही करून मग लिहिणारं असेल तर खाली सांगा. फोटो धूसर असले तरी चालतील. आणि कोणाकडे जुन्या करड्या रंगाच्या लांब प्लेट पडून असतील तर कळवा, क्रेनचा हात वाढवायचाय.