पाणबुड्या, डेप्थ चार्ज आणि आकडेमोड: एका प्रतिक्रियेला उत्तर

दुसऱ्या महायुद्धात आकडेमोडीने लढाईला मदत करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांवर मी लिहिलं होतं, त्यावरच्या तुमच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की अटलांटिकची लढाई, म्हणजे जर्मन पाणबुड्यांविरुद्धची समुद्रावरची झुंज, खलाशांनी, रडारने आणि एनिग्मा हे जर्मन गुप्तलेखन यंत्र फोडणाऱ्यांनी जिंकली. ज्यांच्या अंगाला समुद्राचं पाणी लागलं नाही अशा प्राध्यापकांना मी फुकटचं श्रेय दिलं.

रडार आणि एनिग्माबद्दल दुमत नाही. पण १९४१ साली काय चाललं होतं ते बघा. ब्रिटिश कोस्टल कमांडची, म्हणजे हवाई दलाच्या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विभागाची, विमानं पाणबुडीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा बॉम्ब, टाकत. पाण्याच्या दाबाने तो ठरावीक खोलीवर फुटे आणि ही खोली असे साधारण १०० फूट. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारणार, विमान डोक्यावर येईपर्यंत ती तेवढी खाली गेलेली असणार, हा त्यामागचा हिशेब. ऐकायला बिनतोड.

अशा शास्त्रज्ञांच्या गटातल्या एव्हन जेम्स विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने हल्ल्यांचे अहवाल तपासले. परतलेल्या वैमानिकांनीच दिलेले अहवाल, तेव्हा ही आकडेमोड लढणाऱ्यांपासून तुटलेली कशी म्हणायची? त्यातून निघालं ते असं: खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वरून कळतच नाही, त्यामुळे तिच्यावर टाकलेला डेप्थ चार्ज बहुतेक वायाच जातो. नेम लागायची शक्यता असते ती अजून पृष्ठभागावर असलेल्या किंवा नुकत्याच बुडू लागलेल्या पाणबुडीवर. आणि स्फोटाचा मारक पल्ला जेमतेम २० फुटांचा. म्हणजे नेम अचूक बसला तरी स्फोट शंभर फूट खाली, पाणबुडी सहीसलामत! विल्यम्सनी २५ फूट सुचवले. खोली आधी ५० वर आली, मग टप्प्याटप्प्याने २५ वर. स्फोटकं तीच, विमानं तीच, पण मारा कितीतरी परिणामकारक झाला. पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटलं, ब्रिटिशांनी डेप्थ चार्जमधलं स्फोटकच वाढवलं. रडारने पृष्ठभागावरची पाणबुडी शोधून दिली तरी स्फोट शंभर फुटांवर झाला असता तर त्या रडारचा काय उपयोग होता?

आणि समुद्राचं म्हणाल, तर या गटाचे म्होरके पॅट्रिक ब्लॅकेट १९१६ साली, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या आरमारी लढाईत युद्धनौकेवर होते.

१९४३ च्या सुरुवातीला, ते अॅडमिरल्टीत, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात, असताना, त्यांच्या गटाला आढळलं की पाणबुड्या मालवाहू जहाजांच्या ताफ्यातली साधारण तेवढीच जहाजं बुडवतात, ताफा लहान असो की मोठा; म्हणजे मोठ्या ताफ्यात बुडणाऱ्या जहाजांचं प्रमाण कमी. ताफा दुप्पट केला तरी त्याचा परीघ दुप्पट होत नाही, म्हणून संरक्षक नौकाही दुप्पट लागत नाहीत. अॅडमिरल्टीला मात्र ६० हून जास्त जहाजांचा ताफा नको होता. शिफारस करण्याआधी ब्लॅकेटनी स्वतःलाच विचारलं: माझ्या मुलांना अटलांटिकपार पाठवायचं झालं तर मी कोणत्या ताफ्यातून पाठवीन? उत्तर आलं, मोठ्या. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. हजारो खलाशांचे जीव आपल्या कागदावर अवलंबून आहेत, याची जाणीव त्यांना पुरेपूर होती.

मर्यादा उठली. १९४४ च्या उन्हाळ्यात दीडशेहून अधिक जहाजांचा एचएक्स ३०० हा ताफा न्यूयॉर्कहून निघाला आणि एकही जहाज न गमावता ब्रिटनला पोचला.