‘१६० वर्षं झाली की!’ – कुणाला झाली?

परवा सकाळी घरच्या ग्रुपवर मामांनी एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतलं कुठलंसं खेडं, पत्र्याचं मोडकळीला आलेलं घर (तिकडे ट्रेलर म्हणतात), घरामागून निघालेला पांढरा पाइप आणि पाइपाच्या तोंडाशी मैल्याचं डबकं. खाली तिथल्या कृष्णवर्णीयांबद्दल ठसक्यात सहा वाक्यं: "गुलामगिरी संपून १६० वर्षं झाली, रडगाणं संपत नाही. सरकार फुकट पोसतं. बाप पोरं टाकून पळतात. आपली माणसं खिशात आठ डॉलर घेऊन गेली आणि बंगले बांधले. पिढीजात ट्रॉमा हे आळसाचं नवं नाव. घाणीत राहायची सवयच, कोण काय करणार?" शेवटी हात जोडलेले, आणि पटलं तर पुढे पाठवा.

एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण खाली मामेभावाच्या मुलीनं विचारलं होतं, "आजोबा, हे खरं आहे का?" ती आठवीत आहे आणि राहते अलाबामात, माँटगोमेरीला. भाऊ तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय. आजोबांनी नातीला उत्तर म्हणून अंगठा पाठवला. म्हणून हा खटाटोप.

आधी तो पाइप, कारण सगळ्यात जास्त हसणारे इमोजी त्यालाच पडलेत.

व्हिडिओ कुठला ते फॉरवर्डवाल्यानं सांगितलेलं नाही. पण असा पाइप मी डोळ्यांनी पाहिलाय. २०१९ मध्ये भावाकडे गेले होते तेव्हा त्यानं आम्हाला ८० नंबरच्या हायवेनं सेल्माला नेलं. माँटगोमेरी मागे पडलं की लाउन्स काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) लागते. आडरस्त्याला एका घरापुढे लहान मुलांची प्लास्टिकची घसरगुंडी, दोरीवर वाळत घातलेले शाळेचे शर्ट, आणि मागच्या बाजूला पंधरा-वीस पावलांवर तो पाइप. चिखलावर फळ्या टाकून जायला वाट केलेली. फळ्या झाडून स्वच्छ ठेवलेल्या होत्या, हे मला अजून आठवतं. भाऊ म्हणाला, मोठा पाऊस झाला की हेच पाणी उलटं घरात येतं, न्हाणीच्या टबातून वर.

सवय? तिथली माती काळी, चिकण. मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला जास्त सांगायला नको: पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पाणी मुरू देत नाही. शोषखड्डा केला तर पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. विखुरलेल्या घरांपर्यंत सरकारी गटार पोचलेलं नाही आणि कायदा म्हणतो, सांडपाण्याची सोय घरमालकानं स्वतः करावी. त्या मातीत चालेल अशी व्यवस्था बसवायची तर पंधरा-वीस हजार डॉलर, कधी त्याहून जास्त. जिथे ट्रेलरच तेवढ्याचा नसतो तिथे हे कोण आणणार? बरं, नाही बसवली तर तो गुन्हा. लोकांना नोटिसा गेल्या, काहींना अटकही झाली. गरीब असल्याबद्दल अटक, दुसरं काय.

आणि ती माणसं नेमकी त्याच मातीवर का आहेत? कापसासाठी. जी जमीन कापसाला सोनं होती तिच्यावर गुलाम आणून राबवले, त्यांची पतवंडं तिथेच राहिली. कापसाचे पैसे दुसरीकडे गेले, चिखल यांच्याकडे राहिला.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्यानं याच काउंटीची चौकशी सुरू केली. प्रश्न सरळ होता: अलाबामाचं आरोग्य खातं इथल्या कृष्णवर्णीयांशी सांडपाण्याच्या बाबतीत भेदभाव करतंय का? मे २०२३ मध्ये करार झाला. राज्यानं दोष कबूल केला नाही, पण सांडपाण्यावरून लोकांवर गुन्हे, दंड, तुरुंग हे सगळं थांबवायचं आणि व्यवस्था बसवायला मदत करायची हे मान्य केलं. म्हणजे थांबवण्याजोगं काहीतरी चालू होतं! एप्रिल २०२५ मध्ये केंद्रातल्या ट्रम्प सरकारनं तो करारच रद्द केला. तर मामा, १६० वर्षं जाऊ द्या, ही २०२५ ची गोष्ट आहे.

आता ती १६०. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, मान्य. त्याच वर्षी जानेवारीत किनारपट्टीवरच्या मुक्त गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन द्यायचा लष्करी हुकूम निघाला आणि वर्ष सरायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षानं तो फिरवला. जमीन परत जुन्या मालकांकडे. मग कालचा गुलाम त्याच शेतात वाट्यानं राबायला लागला. बियाणं, खेचर, पीठ-मीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर, हिशेबाची वही मालकाची, आणि वर्षाअखेरीला निघायची ती बाकी. सावकारी बघितलेल्या घरात हे समजावून सांगायची वेळ यावी!

तरीही लोकांनी जमिनी घेतल्या. १९२० च्या सुमारास अमेरिकेत सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. त्यातले बरेच वाट्यानं कसणारे, पण स्वतःच्या नावावर जमीन असलेलेही लाखांत. १९९७ मध्ये सगळे मिळून उरले १९ हजारांपेक्षा कमी. यंत्रं आली, कापसाला कीड लागली, लोक शहरात गेले, हे खरंच. पण पेरणीच्या वेळचं कर्ज गोऱ्या शेजाऱ्याला वेळेवर आणि यांना पाऊस सरल्यावर, किंवा नाहीच, हेही होतं. त्याबद्दल कृषी खात्यावर खटला झाला आणि १९९९ च्या तडजोडीत सरकारला भरपाई द्यावी लागली. शिवाय मृत्युपत्र नसलेल्या जमिनी: आपल्याकडे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं चढतात तसलाच प्रकार. बाहेरचा कुणीतरी एका दूरच्या पुतण्याचा हिस्सा घेतो, कोर्टात वाटणी मागतो आणि सगळ्या जमिनीचा लिलाव होतो.

लाउन्समध्ये तर १९६५ सुरू झालं तेव्हा पाचातले चार लोक कृष्णवर्णीय आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. एकही! नाव नोंदवायला गेलेल्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली, रात्री जाणाऱ्या गाड्यांतून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जायच्या. तंबूत तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली पोर आज फार तर सत्तरीची आहे. तुमच्यापेक्षा लहान, मामा.

‘ट्रॉमा’ शब्दाचा मलाही कंटाळा येतो, परीक्षेत कमी मार्क पडले तरी वापरतात. आघात रक्तातून, जनुकांतून उतरतो अशा पोस्ट फिरतात, त्याही मी डोळे मिटून मानणार नाही. माणसांच्या बाबतीत तो पुरावा अजून कच्चा आहे. पण उतरायला जनुकंच कशाला हवीत? माँटगोमेरीहून तासाभराच्या आत टस्कीगी आहे. १९३२ पासून ४० वर्षं सरकारी आरोग्य सेवेनं तिथल्या ३९९ सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना, बहुतेक गरीब शेतकऱ्यांना, उपचाराविना नुसतं बघत ठेवलं. ‘रक्त बिघडलंय’ एवढंच सांगितलं. पेनिसिलिन आलं तेही दिलं नाही. १९७२ मध्ये हे फुटल्यावर काय झालं, याचा अभ्यास दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २०१८ मध्ये छापला. कृष्णवर्णीय पुरुषांनी डॉक्टरकडे जाणंच कमी केलं आणि पंचेचाळिशीनंतरचं त्यांचं आयुर्मान दीड वर्षापर्यंत घटलं, असा त्यांचा अंदाज. आजी नातवाला म्हणते, सरकारी दवाखान्यात जपून रे बाबा. एवढ्यावर उतरतं ते. आपल्या घरात भाऊबंदकीच्या दाव्यानंतर तीन पिढ्या कुणी कोऱ्या कागदावर सही करत नाही, त्याला आपण शहाणपण म्हणतो.

बाकीचे मुद्दे भराभर.

सरकार पोसतं म्हणे. १९३५ मध्ये म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेत ही कामं कोण करत होतं? आणि आज सरकारी अन्नमदत घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट गोऱ्यांचा आहे. त्यांचा व्हिडिओ आला का कधी?

बाप पळतात, यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं का होईना मान्य करते. कृष्णवर्णीयांत दहातली सातएक मुलं लग्नाबाहेर जन्मतात. पण लग्न नाही म्हणजे बाप नाही, हे फॉरवर्डवाल्याचं गणित. अमेरिकी सरकारच्याच २०१३ च्या अहवालात मुलांसोबत राहणारे कृष्णवर्णीय बाप रोज आंघोळ घालणं, कपडे घालणं, लंगोट बदलणं यात गोऱ्या बापांच्या पुढे निघाले. आपल्या घरात हे सर्वेक्षण कुणी करू नये ही विनंती.

आणि ते आठ डॉलर! आठ डॉलर हे गरिबीचं माप नव्हतं, भारत सरकार परकीय चलन तेवढंच नेऊ द्यायचं. खिशात आठ डॉलर असले तरी हातात इंजिनिअरिंगची किंवा डॉक्टरकीची पदवी होती, आपल्याच कराच्या पैशातली. मुळात दार कुणी उघडलं? १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद नावाच्या शीख गृहस्थांना ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ नंतरसुद्धा वर्षाला १०० भारतीयांचा कोटा. तो वर्णभेदी कोटा गेला १९६५ च्या कायद्यानं, नागरी हक्कांच्या चळवळीच्या भरात. म्हणजे लाउन्समधली माणसं तंबूत गेली त्याच वर्षी. भावाचा बंगला त्या तंबूंपासून अर्ध्या तासावर आहे.

"आपल्याला काय त्याचं," असंही एका काकूंनी खाली लिहिलंय. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं तेव्हा ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना काय पडलं होतं? आणि १९६६ मध्ये लाउन्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला, निशाणी घेतली काळा बिबट्या, म्हणजे ब्लॅक पँथर. ती कॅलिफोर्नियातल्या पोरांनी उचलली, त्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी नाव घेतलं, दलित पँथर. मामा, तुम्ही तेव्हा परळला राहायचात, वरळीच्या दंगलीच्या आठवणी तुमच्याच तोंडून ऐकल्यात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं नाही, मामांना फोनच केला. बराच वेळ ऐकून घेतलं, मधे दोनदा "अगं पण" झालं. शेवटी म्हणाले, "तंबूत किती दिवस होती गं ती माणसं?"

दोनेक वर्षं, मी म्हटलं.

"आणि शाळा? पोरांची शाळा?"

ते मला माहीत नव्हतं. नातीला विचारा म्हटलं, त्या जागेवर आता संग्रहालय आहे आणि तिची सहल तिथेच जाते.