आवाज आधी आला, विकेट नंतर

डिसेंबर लागला की सोसायटीच्या ग्रुपवर याद्या सुरू होतात. यंदा एका काकांनी खेळांची यादी टाकली आणि वर मथळा दिला: ‘२०२५, वाट पाहणाऱ्यांचं वर्ष’. बंगळुरूला १८व्या हंगामात आयपीएल मिळाली. दक्षिण आफ्रिका लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीतली जगज्जेती झाली, १९९८ नंतरचा त्यांचा पहिला आयसीसी चषक. गोल्फपटू रोरी मॅक्लरॉयने ११ वर्षं एकही मेजर, म्हणजे गोल्फची सर्वांत मोठी स्पर्धा, न जिंकता काढली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स जिंकल्यावर हिरवळीवर गुडघे टेकून हुंदके दिले. इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांपैकी न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातला चषक मिळाला, क्रिस्टल पॅलेसला आयुष्यातला पहिला मोठा चषक. शेवटी सबुरीवरचा एक हिंदी शेर आणि हात जोडलेले इमोजी.

यादी बरोबर आहे. सबुरीचं काही मला पटत नाही.

न्यूकॅसल २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी पैशाने विकत घेतला गेला. पॅरिसच्या पीएसजी या फुटबॉल क्लबने मे महिन्यात इटलीच्या इंटरला ५-० धुऊन आपली पहिली चॅम्पियन्स लीग जिंकली, ते २०११ पासून कतारचे आहेत. हे धीराने नाही, धनाने झालं. आणि बंगळुरूत कप जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. काकांच्या यादीत ती ओळ नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की आपणहून वाट पाहणं वेगळं आणि कुणीतरी ताटकळत ठेवणं वेगळं. काहींनी तर वाटच पाहिली नाही. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला गेली, तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (पात्रतेची कामगिरी) नव्हता, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक घेऊन आली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. वय १९!

आता २ नोव्हेंबरबद्दल, म्हणजे महिला क्रिकेट विश्वचषकाच्या भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामन्याबद्दल. मी राहते ठाण्यात, मावसबहीण नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. तिकिटासाठी दोघींनी फोनवर ते गोल फिरणारं चक्र तासभर पाहिलं, मिळालं काही नाही. तरी दुपारी ठाणे-पनवेल लोकलने गेलेच. तुर्भ्यापासून डबा निळ्या जर्सींनी भरला होता. बाहेर पाऊस. नाणेफेकच दोन तास लांबली, पाच वाजता खेळ सुरू झाला. शफाली वर्मा, जी मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य सामन्याच्या तोंडावर आली, तिने ८७ काढल्या. आपल्या २९८.

आम्ही गॅलरीत खुर्च्या टाकून ताईच्या फोनवर बघत होतो. गंमत अशी, की फोनवरचं प्रक्षेपण खऱ्या खेळाच्या बरंच मागे. स्टेडियमचा आवाज आधी यायचा, चेंडू नंतर पडायचा. गर्जना आली की चौकार, शांतता राहिली की काहीतरी बिनसलंय. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोलवार्ट शंभरी करून खेळत होती तोवर बरेचदा शांतताच होती. मग एकदा विचित्र आवाज आला. आधी ‘आ’, मग श्वास अडकल्यासारखा खंड, पुन्हा ‘आ’, पुन्हा खंड, आणि मग असा स्फोट, की खालचा वॉचमन खुर्चीतून उठला. ताई म्हणाली, “अगं, काय झालं काय?” आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने दिसलं: दीप्ती शर्माचा चेंडू, वोलवार्टचा उंच फटका, अमनजोत कौरच्या हातातून झेल निसटला, पुन्हा निसटला, तिसऱ्यांदा एका हातात राहिला. तो तुटक आवाज म्हणजे हजारो माणसांनी मिळून तो झेल झेलला होता. मध्यरात्र उलटल्यावर शेवटचा झेल कर्णधार हरमनने मागे पळत घेतला. ५२ धावांनी जिंकलो. दीप्तीचे पाच बळी आणि ५८ धावा.

या जिंकलेल्या पोरींचा प्रशिक्षक अमोल मुजुमदार. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकर-कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. पुढे रणजी पदार्पणात २६० काढल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या. भारताकडून खेळायची टोपी मात्र मिळाली नाही. हे ताटकळणं. त्याला सबुरीचं गोड फळ म्हणू नका, त्याला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही.

आणि बायकांचं क्रिकेट? त्यांचा पहिला विश्वचषक १९७३ ला झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. आपल्या मुलींना बीसीसीआयच्या छत्राखाली यायला २००६ उजाडलं, पुरुषांइतकी मॅच फी जाहीर व्हायला २०२२. त्या रात्री पोरींनी चषक मिताली राज आणि झुलन गोस्वामीच्या हातात दिला. २०१७ ला लॉर्ड्सवर अवघ्या ९ धावांनी हुकला तेव्हा या दोघी मैदानात होत्या. झुलन रडत होती आणि मी गॅलरीत.

माझं रडणं थोडं स्वतःपुरतंही होतं. शाळेत मी खो-खो खेळायचे, ठाण्यातच. मैदान मुलांच्या क्रिकेटला. आम्ही भिंतीलगत, खांबासाठी खड्डा खणायचीही परवानगी नाही, म्हणून दोन टोकांना दोन मुली खांब बनून उभ्या. खांबावर सूर मारायचा सराव कशावर करणार? सर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मी दहावी झाले.

तर काका, तुमच्या यादीत एक भर घाला. १९ जानेवारी २०२५, दिल्ली. खो-खोचा पहिला विश्वचषक, महिला आणि पुरुष दोन्ही आपण जिंकलो, दोन्हीकडे अंतिम फेरीत नेपाळ होता. कर्णधार प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही मराठी. महिलांचा निकाल ७८-४०.

पण काकांना तरी किती बोलणार? मी स्वतः तो सामना पाहिला नाही. रविवार होता, मी हळदीकुंकवाला गेले होते. परत येऊन वाणातला डबा ओट्यावर ठेवला, फोन उघडला, तेव्हा कळलं.