अँटिव्हायरस काढून टाकल्याने गेम दुप्पट वेगाने चालतो का?

गेम खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: गेम अडखळत असेल तर विंडोजचा अंगभूत अँटिव्हायरस विंडोज डिफेंडर रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींतून) कायमचा बंद करावा, म्हणजे एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रे) दुप्पट होतात, ते जमत नसेल तर अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) टाकावा, आणि गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातूनच घेत असाल तर अँटिव्हायरसची गरजच नाही. या सल्ल्यामागची तक्रार खरी आहे. त्यावर सुचवलेले तिन्ही उपाय मात्र चुकीचे आहेत, आणि ते पुढे पाठवणारे बहुतेक जण शाळा-कॉलेजातील मुलांना पाठवतात, म्हणून त्यांचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

प्रथम एफपीएसविषयी. रिअल-टाइम संरक्षण एखादी फाइल उघडली किंवा लिहिली जाते त्या वेळी ती तपासते. एकदा मेमरीत आलेले दृश्य रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते आणि त्या कामात अँटिव्हायरस मध्ये येत नाही. त्यामुळे तो बंद केल्याने सरासरी एफपीएस दुप्पट होण्याचे कारणच उरत नाही. त्रास होतो तो वेगळ्या ठिकाणी. ६० एफपीएसवर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये खेळाडू पुढे सरकतो तसा नवा भाग डिस्कवरून वाचला जातो, आणि तेवढ्यात एखाद्या फाइलच्या तपासणीत गेम ५० मिलिसेकंद थांबून राहिला, तर तीन फ्रेम हुकतात व झटका जाणवतो, जरी सरासरीच्या आकड्यात तो दिसत नसला तरी. लोडिंगचा वेळ वाढतो तोही याच कारणाने. जुनी हार्ड डिस्क आणि कमी कोअरचा प्रोसेसर असलेल्या संगणकावर, विशेषतः खेळ चालू असतानाच नियोजित स्कॅन सुरू झाला तर, हा त्रास खरोखर असह्य होतो. तक्रार करणाऱ्याला भास झालेला नसतो.

रजिस्ट्रीचा उपाय तर कालबाह्य झाला आहे. डिफेंडर बंद करणारी जी नोंद या सल्ल्यात सांगितली जाते, ती घरगुती संगणकांवर यापुढे मानली जाणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच जाहीर केले. तरीही डिफेंडर बंद पाडायचा असेल तर आधी टॅम्पर प्रोटेक्शन काढावे लागते, आणि ही सोय नेमकी व्हायरसने परस्पर संरक्षण बंद करू नये म्हणून दिलेली आहे.

एक्सक्लुजन हा मार्ग योग्य आहे, पण त्याची व्याप्ती अतिशय लहान ठेवली तरच. अख्खा सी ड्राइव्ह वगळला की डाउनलोड्स, टेम्प आणि ब्राउझरचे फोल्डरही तपासणीबाहेर जातात, म्हणजे बाहेरून आलेली फाइल जिथे सर्वप्रथम उतरते तीच जागा उघडी पडते. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस आणि धोका संरक्षणाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त त्या एका गेमचे फोल्डर निवडावे; स्टीमच्या गेमसाठी ते स्टीमॲप्समधील कॉमन या फोल्डरच्या आत असते. फोल्डरऐवजी गेमची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रामही वगळता येतो, पण त्याचा अर्थ ती प्रोसेस ज्या ज्या फाइली उघडेल त्या रिअल-टाइम तपासणीतून सुटतात. म्हणून माइनक्राफ्टसारखा, अनोळखी लोकांनी लिहिलेले मॉड (गेममध्ये भर घालणारे छोटे प्रोग्राम) चालवणारा गेम असेल, तर माझ्या मते ज्या जावामध्ये तो चालतो त्या जावाची प्रोसेस कधीही वगळू नये.

हे म्हणणे अतिसावधपणाचे नाही. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बुकिट या माइनक्राफ्टच्या नावाजलेल्या संकेतस्थळांवरील काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर आढळला. तो ब्राउझरच्या कुकीज आणि खात्यांची माहिती चोरत होता व संगणकावरील इतर जार फाइलींमध्येही (जावा प्रोग्रामच्या फाइलींमध्ये) शिरत होता. स्टीमवरून घेतलेला गेम सुरक्षितच असतो, या दाव्याचे उत्तरही घडून गेले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय हा गेम मालवेअरमुळे स्टीमवरून काढावा लागला आणि ज्यांनी तो चालवला होता त्यांना स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने पूर्ण स्कॅन करण्याचा, शक्य तर विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. क्रॅक केलेल्या गेमबरोबर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते, तिच्याविषयी वेगळे काही सांगायला नको.

मग करावे काय? विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (कामांच्या वेळा ठरवणाऱ्या साधनात) डिफेंडरच्या नियोजित स्कॅनची वेळ आपण खेळत नाही अशी ठेवावी. या स्कॅनसाठी सीपीयूची मर्यादा मुळात ५० टक्के असते, ती पॉवरशेलमधून (विंडोजला टाइप करून आज्ञा देण्याच्या साधनातून) कमी करता येते. पुण्याच्या क्विक हीलसारखा दुसरा अँटिव्हायरस घेतला तर डिफेंडर आपोआप मागे सरतो. मात्र बाहेरचे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, कारण मग एकाच फाइलवर दोघे तुटून पडतात. अशा अँटिव्हायरसमधील गेम मोड सूचना आणि स्कॅन पुढे ढकलतो, रिअल-टाइम तपासणी सहसा थांबवत नाही, हेही लक्षात ठेवावे.

यापैकी काहीही करण्याआधी दोष खरोखर अँटिव्हायरसचाच आहे ना, हे पाहणे सोपे आहे. इंटरनेट तोडावे, रिअल-टाइम संरक्षण तात्पुरते बंद करावे, गेमचा तोच भाग पुन्हा खेळावा आणि सरासरी एफपीएसऐवजी फ्रेमला लागणारा वेळ पाहावा. हे झाल्यावर संरक्षण लगेच चालू करावे. विसरलात तर काही वेळाने विंडोज ते स्वतः चालू करते. झटके दोन्ही वेळा सारखेच येत असतील तर अँटिव्हायरसला हात न लावता हार्ड डिस्क, रॅम आणि प्रोसेसरचे तापमान तपासावे.